काळजातली गाठ

“काळजाला कर्करोग होत नाही,” असे आमच्या डिचोलीत थोरामोठ्यांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलो. पुढे पेडण्याच्या माझ्या आतेला चालताना धाप लागू लागली. तपासणीत हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात गाठ दिसली. ती कर्करोगाचीच असावी, असे डॉक्टर म्हणाले. घरात एकच प्रश्न उठला : ती कापून काढता येईल का? त्या प्रश्नाचा इतिहास मी तेव्हा धुंडाळला.

हृदयातील गाठीचा उल्लेख इटलीच्या रेआल्दो कोलोंबोने १५५९ सालच्या ग्रंथात केला आहे. १८४२ साली आमच्या पणजीत वैद्यकशाळा निघाली, तरी जगभर ही गाठ दिसे ती बहुधा मृत्यूनंतरच. धडधडते हृदय उघडायचे कसे?

१९५३ साली अमेरिकेत जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने ते यशस्वीपणे उघडले. १९५४ साली स्टॉकहोममध्ये क्राफोर्ड यांनी हृदयातील साधी गाठ काढून रुग्ण वाचवला. त्या काळी पेडणेकराला मुंबई गाठायची तर पत्रादेवीला सीमा आडवी होती. १९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६८ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपण केले.

कर्करोगाची गाठ मात्र हट्टी. ती हृदयाच्या भिंतीतच मुळे रोवते, आणि डावा वरचा कप्पा पाठीमागे असल्याने तिथे हात नीट पोचत नाही. १९९८ साली ह्यूस्टनच्या डॉ. मायकेल रिअर्डन यांनी अशा रुग्णाचे हृदयच बाहेर काढले, गाठ कापली, भिंत सांधली आणि तेच हृदय पुन्हा जागी शिवले. त्याच वर्षी पेडण्याचा बोगदा ओलांडून कोकण रेल्वे थेट मुंबईला जोडली गेली.

पुढे त्याच गाडीने आम्ही आतेला मुंबईला नेले. गाठ समूळ निघाली तर अधिक काळ मिळतो, पण रोग बहुधा उलटतो, असे सर्जनांनी स्पष्ट सांगितले. आम्ही ते तिच्यापासून लपवणार होतो. तिनेच विचारले, “किती दिवस?” खरे ऐकल्यावर म्हणाली, “मग करा.”

शस्त्रक्रियेनंतर तिने घरी दोन चवथी पाहिल्या. तिला सांगितले हे बरे झाले, असे मला आजही वाटते.