संशयाच्या वह्या

सन १६८७, ऐन ऑगस्ट. रात्री चालायचं, दिवसा रानात दडायचं, असं करत तुम्ही जिनिव्हाच्या वेशीशी येता. मागे फ्रान्समध्ये आज १४ तारीख आहे. वेशीच्या आत पाऊल पडतं आणि तारीख होते ४. पोपनं सुधारलेलं कॅलेंडर कॅथलिक फ्रान्सनं १५८२मध्येच स्वीकारलं. प्रोटेस्टंट जिनिव्हा मात्र पोपचं ऐकून सूर्यही उगवू देणार नाही. हा हट्ट १७०१पर्यंत टिकणार आहे. तोवर कागदोपत्री तुमचा पूर्वज निघण्याआधीच पोचलेला असतो, आणि वंशावळ मांडणारे डोकं धरून बसतात.

तुमच्या पुढे रांगेत तो पूर्वजच उभा आहे. दक्षिण फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरातला लोकर पिंजणारा, ह्यूगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट. दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १६८५मध्ये, चौदाव्या लुईनं प्रोटेस्टंटांना मोकळीक देणारं नँतचं फर्मान रद्द केलं. त्यांच्या पाद्र्यांना देश सोडायला १५ दिवस. इतरांना देश सोडायचीच बंदी. पकडला गेला तर पुरुष गॅली जहाजाच्या वल्ह्याला, बाई तुरुंगात. घरात घोडेस्वार घुसवले तेव्हा यानंही कॅथलिक झाल्याचं कबूल करून गावच्या चर्चच्या वहीत सही ठोकली होती. म्हणजे गावात त्याची शेवटची नोंद सापडेल ती ‘कॅथलिक’ म्हणून. ती पाहून शोध सोडू नका.

परागंदा फ्रेंचांसाठी इथे एक मदतनिधी आहे, थेट कॅल्व्हिनच्या काळापासूनचा. कारकून नाव विचारतो. पूर्वज आपल्या दक्षिणी बोलीत पुटपुटतो. कारकून ऐकू येईल तसं लिहितो. त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहा: आडनावाचं शेवटचं अक्षर गळालं. उद्या बर्नच्या जर्मन कारकुनापुढे आणखी एक गळेल. शुद्धलेखनाचा आग्रह घरी ठेवूनच या शोधाला निघावं. हातावर चार नाणी पडतात आणि पुढची वाट दाखवली जाते: लोझान, बर्न, शाफहाउझेन, फ्रँकफुर्ट, जमलं तर ब्रांडेनबुर्ग. तिथल्या इलेक्टरनं, म्हणजे शासकानं, या लोकांना बोलावणं धाडलंय. जिनिव्हात सगळ्यांना पुरेल एवढी जागाच नाही. लोझानच्या वाटेवर, किंचित आडबाजूला, ओबोनचा किल्ला लागतो. शिवकाळाच्या अभ्यासात भेटणारा हिऱ्यांचा व्यापारी ताव्हर्निये, तोही प्रोटेस्टंटच, त्यानं तो १६७०मध्ये विकत घेतला होता. पैसेवाल्याचा प्रवास निराळा.

तुमची आजी स्विस असेल तर आणखी मागे चला. झुरिक, १५२६. ग्रोसम्युन्स्टर चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नवी वही उघडलीय. कौतुकानं नव्हे. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायला नकार देणारे ॲनाबॅप्टिस्ट नगरात वाढले होते. कुणाचं मूल चर्चमध्ये आलं नाही, हे नगरसभेला कळायला हवं होतं. जानेवारी १५२७मध्ये त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला याच गावात लिमाट नदीत बुडवून मारलं. वहीत बाप आहे, धर्ममातापिता आहेत, आईचं नाव कित्येकदा नाहीच. धर्ममातापित्यांची नावं मात्र उतरवून घ्या. एकाच नावाचे दोन बाप निघाले की तीच कामाला येतात.

१६३४मध्ये तर झुरिकचा पाद्री दारात येतो. घरात कोण, वय काय, कोणत्या मुलाला कोणती प्रार्थना पाठ. मुलं ओळीनं उभी आहेत. धाकटी ‘आमच्या बापा’ला अडखळते आणि पाद्री तेवढंच टिपून घेतो. तिच्याविषयी जगात उरणारी बहुधा ही एकच गोष्ट. पुढच्या याद्यांत परदेशी गेलेल्यांची ठिकाणंही येतात: अल्सास, पॅलेटिनेट. तिथून पुढे अमेरिकेची वाट. माया म्हणून कुणी लिहिलं असतं तर इतकं बारीक लिहिलं नसतं, असं मला वाटतं. संशय फार नेटका कारकून असतो.

आणि ज्यांची नोंदच होऊ नये असं ठरलं, ते? लोकर पिंजणाऱ्याचा भाऊ फ्रान्समध्ये, गावातच राहिला. त्याच्या नातवाचं लग्न रात्री ओढ्याकाठी, लपून फिरणाऱ्या पाद्र्यानं लावलं. कायद्यानं ते लग्नच नव्हे, मुलं अनौरस. अशी लग्नं नोंदवू देणारा सोळाव्या लुईचा हुकूम निघतो १७८७च्या नोव्हेंबरात. पुढच्या वर्षी न्यायाधीशाच्या कचेरीबाहेर उभे राहा: तीस-तीस वर्षं संसार केलेली जोडपी लग्न नोंदवायला आलीत, सोबत त्यांची मिसरूड फुटलेली मुलं. कारकून एका बैठकीत सगळ्यांची नावं लिहून घेतो. थोरला मध्येच त्याला थांबवतो आणि आपल्या आडनावातलं गळलेलं अक्षर घालायला लावतो.