फिलिपिनो शिक्षक अमेरिकेत : नेमणूकपत्रानंतरचा खडतर प्रवास

अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातील बॉल्टिमोर शहराने २००५ पासून आपल्या सरकारी शाळांसाठी फिलिपिन्समधून शिक्षक आणण्यास प्रारंभ केला. गणित, विज्ञान आणि विशेष मुलांचे शिक्षण या विषयांना स्थानिक शिक्षक मिळेनासे झाले होते. काही वर्षांतच या शहरातील फिलिपिनो शिक्षकांची संख्या शेकड्यांत गेली. त्यांपैकी चार शिक्षिकांच्या पहिल्या वर्षावर रमोना डियाझ यांनी ‘द लर्निंग’ हा माहितीपट केला. तो २०११ मध्ये प्रदर्शित झाला. अमेरिकेतील इतर अनेक शहरांनीही हाच मार्ग पत्करला. परदेशातून शिक्षक निवडून आणण्याची यंत्रणा आज सुस्थापित आहे. विमानतळावर उतरलेल्या या शिक्षकाला शहरात स्थिरस्थावर करण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र अनेक ठिकाणी सैलच राहिला आणि त्याची किंमत शिक्षकांनी मोजली.

फिलिपिन्सच का?

या स्थलांतराला एक जुना संदर्भ आहे. फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात असताना, ऑगस्ट १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे ५०० अमेरिकी शिक्षक मनिला येथे उतरले. तिथल्या सार्वजनिक शाळांत इंग्रजीची पाळेमुळे रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची परंपरा त्या देशात त्यामुळे दृढ झाली. शिक्षकी पेशासाठी तिथे शासकीय परवाना परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेतील वेतन मायदेशातील वेतनाच्या कित्येक पट असल्याने अनुभवी शिक्षकही घर सोडण्यास तयार होतात. परदेशस्थ नागरिकांनी पाठवलेला पैसा फिलिपिन्सच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ८ ते ९ टक्के भरतो, यावरून या स्थलांतराचे तेथील घराघरांतील स्थान लक्षात यावे.

व्हिसाचे दोन मार्ग

शिक्षक मुख्यतः दोन प्रकारच्या व्हिसावर अमेरिकेत जातात. ‘जे-१’ हा आदानप्रदान कार्यक्रमाचा व्हिसा असून त्याची मूळ मुदत तीन वर्षांची असते. यात अमेरिकी सरकारने मान्यता दिलेली पुरस्कर्ती संस्था असते. शिक्षकाला आरंभीचे मार्गदर्शन देणे आणि त्याचा आरोग्य विमा असल्याची खात्री करणे तिच्यावर बंधनकारक असते. ‘एच-१बी’ हा कुशल नोकरदारांचा व्हिसा असून तो प्रथम तीन वर्षांपर्यंत व सर्वसाधारणपणे एकूण सहा वर्षांपर्यंत मिळतो. त्याच्या अर्जाचा खर्च शिक्षकाच्या माथी मारता येत नाही. मुदतीपूर्वी नोकरीवरून काढल्यास परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्चही नोकरी देणाऱ्यानेच करायचा असतो. दोन्ही व्हिसांचे एक समान वैशिष्ट्य असे की, नोकरी गेली की देशात राहण्याचा आधारही लवकरच जातो. म्हणूनच अन्याय झाला तरी नवागत शिक्षक सहसा तक्रार करत नाही.

पहिले सहा आठवडे

अमेरिकी शाळा बहुधा ऑगस्टमध्ये किंवा सप्टेंबरच्या आरंभी सुरू होतात. त्यामुळे शिक्षक बहुधा उन्हाळ्यात पोहोचतात आणि पहिला पगार हाती पडेपर्यंत काही आठवडे उलटतात. खर्च मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होतो. भाड्याच्या घरासाठी आगाऊ भाडे व अनामत रक्कम लागते. घरमालक अर्जदाराची कर्जफेडीची नोंद तपासतो आणि नवागताची अशी नोंदच नसते. सोशल सिक्युरिटी क्रमांक येण्यास वेळ लागतो आणि त्यावाचून कित्येक व्यवहार खोळंबतात. शिवाय आधीच्या शिक्षणाचे मूल्यांकन करून राज्याचे अध्यापन प्रमाणपत्र मिळवावे लागते, ते निराळेच.

म्हणून उपयुक्त मदत अगदी साधी असते. पहिल्या महिन्याचे निवासस्थान आधी ठरवून ठेवणे, शाळेने घरमालकाच्या नावे नोकरीची हमी देणारे पत्र देणे, पहिल्या पगारातून नव्हे तर पुढील काही महिन्यांत फेडता येईल अशी बिनव्याजी उचल देणे, बँक आणि सोशल सिक्युरिटी कार्यालयात सोबत जाणारा माणूस देणे, शाळेपर्यंतचा बसमार्ग प्रत्यक्ष दाखवणे आणि थंडी सुरू होण्यापूर्वी उबदार कपड्यांची सोय करणे, एवढ्याने पहिले सत्र सुसह्य होते. घर पाहताना ते बसमार्गावर आहे की नाही हे भाड्याइतकेच महत्त्वाचे ठरते, कारण पहिल्या वर्षी मोटार घेणे बहुतेकांना परवडत नाही.

वर्गातील अंतर

फिलिपिन्समध्ये शिक्षक वर्गात येताच मुले उभी राहून एका सुरात अभिवादन करतात. मोठ्यांशी बोलताना ‘पो’ हा आदरार्थी शब्द जोडण्याची रीत आहे. अमेरिकेतील मोठ्या शहराच्या शाळेत विद्यार्थी शिक्षकाला उलट प्रश्न विचारतो, कधी वर्गातून उठून जातो, कधी उच्चारांची थट्टा करतो. वर्षानुवर्षे उत्तम शिकवणाऱ्या व्यक्तीलाही अशा वेळी आपली विद्याच व्यर्थ गेल्यासारखे वाटते. यावर केवळ व्याख्यानवजा प्रशिक्षण पुरत नाही. त्याच शाळेतील एखाद्या अनुभवी शिक्षकाने पहिले काही आठवडे वर्गात येऊन बसणे, शिस्तीचे स्थानिक नियम आणि पालकांशी बोलण्याची पद्धत समजावणे अधिक परिणामकारक ठरते.

आधार आणि विळखा

मदत करणारा हाच वसुली करणारा असेल तर काय होते, हे लुइझियाना राज्यातील प्रकरणाने दाखवून दिले. २००७ पासून तिथे आणलेल्या सुमारे ३५० फिलिपिनो शिक्षकांकडून लॉस एंजेलिस येथील एका भरती संस्थेने प्रत्येकी हजारो डॉलर उकळले. अनेकांनी चढ्या व्याजाने कर्ज काढले. काहींवर पगाराचा ठरावीक हिस्सा देत राहण्याचे करार लादले गेले. शिक्षक संघटना आणि एका नागरी हक्क संस्थेच्या साह्याने शिक्षकांनी २०१० मध्ये दावा दाखल केला. डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने त्यांना ४५ लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला.

मेरिलँडमधील प्रिन्स जॉर्जेस काउंटीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. व्हिसाचा जो खर्च शाळा प्रशासनाने करायचा तो शिक्षकांकडून घेतल्याचे अमेरिकी श्रम खात्याला आढळले. २०११ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार १,०४४ परदेशी शिक्षकांना सुमारे ४२ लाख डॉलर परत करण्याचे ठरले. त्यांत फिलिपिनो बहुसंख्य होते. मात्र त्याचबरोबर नव्याने व्हिसा अर्ज करण्यास प्रशासनाला दोन वर्षे मनाई झाली. परिणामी व्हिसाची मुदत संपत आलेल्या अनेक शिक्षकांना नोकरीवर पाणी सोडावे लागले. चूक प्रशासनाची होती. शिक्षकांना पैसे परत मिळाले, पण घडी बसलेला संसार मोडला.

या दोन्ही प्रकरणांचा निष्कर्ष एकच. नवागताला मिळणारी मदत ज्याचे त्याच्याकडे काही येणे नाही अशा हातून यायला हवी. आधी आलेले देशबांधव, चर्च आणि शिक्षक संघटना हे असे हात आहेत. फिलिपिनो भाषेत यासाठी ‘बायानिहान’ हा शब्द आहे. शेजाऱ्याचे बांबूचे घर सर्वांनी मिळून खांद्यावर उचलून नव्या जागी नेण्याची ती जुनी प्रथा. डिसेंबरमध्ये नाताळपूर्वी नऊ दिवस होणाऱ्या ‘सिंबांग गाबी’ या प्रार्थनांना परदेशातही फिलिपिनो एकत्र येतात. कोणते घर भाड्याने घ्यावे, कोणत्या कागदावर सही करू नये, ही माहिती पुष्कळदा अशाच ठिकाणी मिळते.

गोमंतकीयांसाठी

जहाजांवर आणि आखातात फिलिपिनोंच्या बरोबरीने काम करणाऱ्या गोमंतकीयांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. फिलिपिन्समध्ये परदेशी नोकरीवर निघालेल्या कामगाराला प्रयाणपूर्व मार्गदर्शन वर्ग सक्तीचा असतो आणि स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र खातेही आहे. आपल्याकडे परदेशी नोकरी स्वीकारणाऱ्याने निघण्यापूर्वी चार गोष्टी अवश्य पाहाव्यात : भरती करणारा केंद्र सरकारकडे नोंदणीकृत आहे का, व्हिसाचा खर्च कायद्याने कोणी करायचा आहे, पहिला पगार होईपर्यंत राहण्या-जेवण्याची तरतूद काय, आणि भरती करणाऱ्याखेरीज त्या शहरात मदतीला धावून येईल असा ओळखीचा कोण आहे. या चौथ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर ते मिळेपर्यंत करारावर सही करण्याची घाई करू नये.