ग्रिप : समुद्रातले एक गाव

किती उंबरे असले म्हणजे गाव म्हणावे? प्रश्न साधा दिसतो खरा. पण नॉर्वे देशातील ग्रिप नावाच्या एका चिमुकल्या बेटाचा सारा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर क्रिस्तिआनसुन हे बंदर आहे. तिथून सुमारे १४ किलोमीटर आत, भर समुद्रात, खडकाळ बेटांचा एक पुंजका लागतो. त्यांतल्या एका बेटावर दाटीवाटीने घरे उभी आहेत. तेच ग्रिप. तिथे ना शेत, ना रान. मग माणसे राहिली कशासाठी? तर कॉड माशासाठी. हंगाम आला की बाहेरगावचे कोळीही तिथे येऊन राहात आणि बेट गजबजून जाई.

दर्याने दिले तसे नेलेही. १७९६ च्या वादळात जवळजवळ शंभर घरे समुद्राने ओढून नेली. उरले ते बेटावरच्या उंचवट्यावरचे लाकडी चर्च. १४७० च्या सुमारास बांधलेले ते चर्च आजही उभे आहे. घरे गेली, पण लोकांनी बेट सोडले नाही. पुन्हा लाकूड आणले, पुन्हा भिंती उभारल्या.

घरे आपली, पण बेट मात्र आपले नव्हे, अशी या कोळ्यांची स्थिती फार काळ होती. आधी धर्मपीठ, मग राजा, मग व्यापारी, असे मालक बदलत गेले. देशात मात्र वारे पालटत होते. १८३७ च्या कायद्याने नॉर्वेत स्थानिक स्वराज्य आले. अशा स्वराज्याच्या घटकाला तिथे ‘कोमूने’ म्हणतात. १८९७ साली ग्रिप स्वतंत्र कोमूने झाले. क्षेत्रफळ जेमतेम अर्धा चौरस किलोमीटर! देशातले हे सर्वांत लहान कोमूने. पण आपला कारभार आपण पाहायचा, हा मान त्या मूठभर लोकांना मिळाला.

पुढे सरकारला वाटले, इतक्या लहान संस्थांना शाळा, रस्ते, दवाखाने कसे पेलणार? म्हणून १९५८ ते १९६७ या काळात ७४४ कोमूनांची ४५४ झाली. हिशेब चुकीचा होता असे नाही. त्या हिशेबात १ जानेवारी १९६४ रोजी ग्रिप क्रिस्तिआनसुनमध्ये विलीन झाले. तेव्हा तिथे शंभराच्या आसपास माणसे उरली होती. यंत्राच्या बोटी आल्या होत्या. माशासाठी भर समुद्रात घर करण्याची गरज राहिली नव्हती. १९७४ मध्ये शेवटचे कायमचे रहिवासीही निघून गेले.

मग ग्रिप संपले काय? नाही. उन्हाळा आला की क्रिस्तिआनसुनहून बोट सुटते, बंद घरांच्या खिडक्या उघडतात, जुन्या चर्चमध्ये लग्ने लागतात. आपल्याकडे गाव सुटले तरी आडनावातला ‘कर’ सुटत नाही, तसेच हे.

शिक्षकबंधूंनो, नकाशात हा ठिपका मुलांना सापडणे कठीण. तरी शोधायला लावा, आणि सांगा : कारभाराची हद्द दप्तरात पुसता येते, पण ज्या गावाने वादळानंतर घरे पुन्हा बांधली, त्याची ओळख दप्तराच्या भरवशावर नसते.