मॅटॅडोरच्या काचेतले धुके

वर्गात शब्दांची मुळे सांगताना मी ‘कारवाँ’ हा शब्द हमखास घेतो. फारसीतला हा शब्द उर्दूत आला, युरोपात जाऊन ‘कॅरॅव्हॅन’ झाला आणि 2021 साली महाराष्ट्र सरकारच्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणाच्या नावातून पुन्हा आपल्याकडे परतला. फिरत्या घराची हौस मात्र त्याच्याही आधीची आहे. आमच्या मामूंनी बजाज टेम्पोच्या एका जुन्या मॅटॅडोरमध्ये पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली, त्याला बरीच वर्षे झाली. गाडी कुणकेश्वरला, समुद्राच्या जवळ उभी असते. इंजिन ठीक आहे, पत्राही बरा आहे. पुढची काच मात्र कडेकडेने दुधाळ झाली आहे.

मामूंनी ती राखेने घासली, टूथपेस्टने घासली, शेवटी पॉलिश आणून घासली. काही फरक पडला नाही. तो का पडला नाही, हे काचेचा इतिहास पाहिला की कळते.

सुरुवातीच्या मोटारींना खिडकीला असते तशी साधी काच असे. अपघात झाला की तिचे सुरीसारखे तुकडे माणसाच्या चेहऱ्यात घुसत. 1903 साली एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत काचेचा एक चंबू खाली पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर सुकून चिकटलेला होता, असे सांगतात. त्यातून दोन काचांमध्ये सेल्युलॉइडचा पापुद्रा दाबून बसवायची कल्पना निघाली आणि 1909 मध्ये बेनेडिक्टसने तिचे पेटंट घेतले. तीन थर, म्हणून नाव ‘ट्रिप्लेक्स’. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना ही काच लागली आणि पुढे ती मोटारींत रुळली.

पण सेल्युलॉइड उन्हाने पिवळे पडे. म्हणून 1930 च्या दशकात त्याच्या जागी पॉलिव्हिनिल ब्युटिरल हे प्लास्टिक आले. आजही लॅमिनेटेड काचेत मुख्यतः तेच असते. ते उन्हाला पुष्कळ टिकते, पण पाणी शोषते. काचेभोवतीचे रबर कडक होऊन चिरले की पावसाचे पाणी आणि खारी हवा फटीत मुरते. मग कडेपासून प्लास्टिक काचेची पकड सोडू लागते. एका पारदर्शक पदार्थातून दुसऱ्यात शिरताना प्रकाश वळतो, याचा हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात बारकाईने अभ्यास केला होता. सुटलेल्या थरात शिरलेली हवा आणि ओल यांमुळे प्रकाश असाच वेडावाकडा वळतो, आणि आपल्याला ते धुके दिसते. हे धुके दोन काचांच्या मध्ये असल्यामुळे फडके कुठल्याही बाजूने फिरवले तरी तिथवर पोचत नाही.

म्हणून आधी तपासावे. बाहेरून नख फिरवल्यावर ओरखडे किंवा खरखर लागली, तर दोष वायपरचा, वाळूचा किंवा मिठाच्या डागांचा. हलके डाग आणि ओरखडे पॉलिशने कमी होतात. आतून बोट फिरवून रेघ उमटली, तर तो डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उडालेला तेलकट थर. तो धुऊन जातो. दोन्ही बाजू गुळगुळीत आणि स्वच्छ असूनही काच पांढरी दिसते, तर थर सुटला आहे. त्यावर काच बदलणे हाच उपाय.

कुणकेश्वरच्या मंदिराची एक आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. वादळात सापडलेल्या एका परदेशी मुसलमान व्यापाऱ्याला किनाऱ्यावरचा दिवा दिसला, तो वाचला आणि त्याने मंदिर बांधले. त्याची म्हणून सांगितली जाणारी कबरही तिथे दाखवतात. त्याला दिव्याने वाट दाखवली. मामूंचे उलटे होते. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा त्या दुधाळ काचेवर पसरतो आणि रस्ताच झाकून टाकतो. अशा वेळी कडेने चालणारा माणूस दिसत नाही.

मामूंचे म्हणणे, “काच बदलली तर गाडी जुनी कसली राहिली?” मला हे पटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि काच तशी राखणे गाडीवाल्याचे काम आहे. जुन्या गाडीचे रबर, ब्रेक, टायर आपण बदलतोच, मग काचेनेच काय केले? सपाट लॅमिनेटेड काच मापाने कापून मिळते. वळणदार असेल तर त्याच साच्याची शोधावी लागते. बसवताना रबर नवेच घ्यावे, चौकटीचा गंज आधी काढावा, आणि किनाऱ्यावरून परतल्यावर गोड्या पाण्याने मीठ धुवावे.

जुन्या काचेच्या कोपऱ्यावर कंपनीचा शिक्का आहे. तेवढ्यासाठी ती घरी भिंतीला टेकवून ठेवा, असे मी मामूंना सांगितले आहे. गाडीला मात्र नवी काच लागेपर्यंत मगरिबनंतर किल्ली मामीकडे राहील.