लाहोरचे विद्यापीठ आणि सोलनची कचेरी

मोठ्या उत्पातातून वाचलेला माणूस प्रथम काय शोधतो, असे विचारले तर आपली माणसे, अन्न आणि निवारा हेच उत्तर कोणीही देईल, आणि ते खरेही आहे. परंतु 2019 च्या महापुरानंतर सांगलीकडील एका गावी पंचनाम्याच्या कामावर असता मी एक निराळे दृश्य पाहिले. भिंतीवर पुरुषभर उंचीपर्यंत चिखलाची रेघ उमटलेल्या एका घराच्या ओसरीत एक मुलगी दोरीवर कागद वाळत घालीत होती. शेजारी भिजलेल्या धान्याची पोती तशीच पडली होती. त्यांच्याकडे तिचे लक्ष नव्हते. दोरीवर टांगलेल्या त्या गुणपत्रिका होत्या. "साहेब, ह्यांची नक्कल मिळेल ना?" एवढेच तिने विचारले. मी 'मिळेल' म्हणालो. मला तसे म्हणता आले, याचे कारण तिच्या गुणांची मूळ नोंद पुराच्या पाण्यापासून दूर, परीक्षा मंडळाच्या दप्तरात शाबूत होती. ती कचेरीच एका रात्रीत परक्या देशात गेली असती, तर मी काय उत्तर दिले असते?

1947 साली पंजाबात नेमके हेच घडले.

लाहोरचे पंजाब विद्यापीठ 1882 सालचे. मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन विद्यापीठांनंतर हिंदुस्थानात निघालेले हे चौथे. त्याचा विस्तार एका प्रांतापुरता नव्हता. वायव्य सरहद्द प्रांतातील पेशावरचा विद्यार्थीही मॅट्रिकला बसे तो याच विद्यापीठाच्या. लाहोर शहर म्हणजे महाविद्यालयांचे माहेरघर: गव्हर्नमेंट कॉलेज, फोर्मन ख्रिश्चन कॉलेज, दयानंद अँग्लो-वैदिक, सनातन धर्म, दयाल सिंग, इस्लामिया. 4 मार्च 1947 रोजी याच शहरात विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि दंगलींना तोंड फुटले. तो महिना परीक्षांचा होता. कोठे पेपर झाले आणि निकाल लागले नाहीत, कोठे पेपरच पुरे झाले नाहीत. पुढे ऑगस्टमध्ये दयानंद महाविद्यालयाची इमारत शहर सोडून जाणाऱ्या हिंदु-शिखांची छावणी बनली. सीमा आयोगाचा निवाडा 17 ऑगस्टला प्रसिद्ध झाला, तेव्हा लाहोर पाकिस्तानात गेले होते. फाळणीच्या वाटपात कचेऱ्यांतील टेबले-खुर्च्यांचीसुद्धा मोजदाद झाली. विद्यापीठ मात्र आपल्या ग्रंथालयासह, प्रयोगशाळांसह आणि पासष्ट वर्षांच्या दप्तरासह लाहोरातच राहिले.

1951 च्या शिरगणतीत पश्चिम पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांचा आकडा 47 लाखांच्या आसपास भरला. त्यांत विद्यार्थी होते, शिक्षक होते, आणि पदवीच्या कागदावर ज्यांची भाकरी अवलंबून होती असे कारकून, वकील, डॉक्टरही होते. आपण अमुक परीक्षा उत्तीर्ण झालो आहोत, हे यांपैकी अनेकांना स्वतःच्या तोंडाखेरीज अन्य कशानेही सिद्ध करता येत नव्हते.

येथे सिंधी निर्वासितांची आठवण होते. सिंध प्रांत 1936 साली मुंबई इलाख्यातून वेगळा झाला, तरी कराची-हैदराबादची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशीच संलग्न राहिली. सिंध विद्यापीठ निघाले ते 1947 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे फाळणीच्या तोंडावर. त्यामुळे कल्याणच्या छावणीत येऊन पडलेल्या सिंधी पदवीधराचे घर गेले, पेढी गेली, परंतु त्याच्या पदवीची नोंद राजाबाई मनोऱ्याच्या छायेत सुरक्षित होती. कराचीच्या डी. जे. सिंध महाविद्यालयातील प्राध्यापकांनी 1948 साली मुंबईत जयहिंद महाविद्यालय सुरू केले, तेव्हा ते आपल्याच जुन्या विद्यापीठात पुन्हा उभे राहिले. संकट दोघांवरही आले. पण सिंध्याला ओळखणारी कचेरी इकडे होती आणि पंजाब्याची पलीकडे राहिली. हा फरक इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. दप्तराचे मोल दप्तरात आयुष्य घालवणाऱ्यालाच अधिक जाणवत असावे.

भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबने 1 ऑक्टोबर 1947 पासून एक नवे विद्यापीठ अस्तित्वात आणले. नाव 'पूर्व पंजाब विद्यापीठ'. न्यायमूर्ती तेजा सिंग त्याचे पहिले कुलगुरू झाले. या विद्यापीठाला जागा नव्हती, ग्रंथालय नव्हते, जुने दप्तर तर नव्हतेच. त्याची कचेरी पुढे स्थिरावली ती काल्का-सिमला रेल्वेच्या मार्गावरील सोलन या लहानशा डोंगरी गावी. शिकवण्याचे विभाग कोठे होशियारपूरला, कोठे अमृतसरला, कोठे जालंदरला, तर काही थेट दिल्लीत. विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मनोरा आणि हिरवळ येते. येथे कित्येक वर्षे विद्यापीठ म्हणजे सोलनहून सुटणारे टपाल होते.

त्या टपालाने सर्वांत अवघड जो प्रश्न सोडवायचा होता तो परीक्षांचा. ज्यांची परीक्षा अर्धवट राहिली, ज्यांच्या उत्तरपत्रिका सरहद्दीपलीकडे राहिल्या, त्यांचे काय करावे? पुन्हा बसवावे, तर पुस्तके नाहीत, राहण्यास छप्पर नाही, आणि घरातील कर्ता माणूस कदाचित गेलेला. तसेच उत्तीर्ण करावे, तर पदवीला अर्थ उरत नाही. विद्यापीठाने यातून जो मार्ग काढला तो मला आजही विलक्षण वाटतो. निर्वासितांच्या छावण्यांत ज्या विद्यार्थ्यांनी ठराविक मुदतीची समाजसेवा केली, त्यांची ती सेवा परीक्षेच्या जागी मान्य करण्यात आली. एकट्या कुरुक्षेत्राच्या छावणीत 1947 च्या अखेरीस दोन लाखांहून अधिक माणसे होती. शिधा वाटायचा, याद्या लिहायच्या, टोचणीसाठी रांगा लावायच्या, हरवलेल्यांची नावे नोंदवायची, निरक्षरांची पत्रे लिहायची, अशा कामांना लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणांची गरज होती. आणि हे तरुण स्वतःही निर्वासितच होते.

या निर्णयावर आक्षेप घेता येतील. इंग्रजी काव्याचे ज्ञान शिधावाटपाने सिद्ध होत नाही, हे मान्यच केले पाहिजे. जो आजारी होता, जिला घरच्यांनी तंबूबाहेर पडू दिले नाही, त्यांना या सवलतीचा उपयोग काय, हा प्रश्न तर अधिक बोचरा आहे. आणि असा नियम निघाला की दाखले लिहून देणारे दयाळू लोकही निघतात, हे मी माझ्या नोकरीच्या अनुभवाने सांगू शकतो. तरीही मी त्या वेळी सोलनच्या कचेरीत असतो, तर त्या टिपणावर अनुकूल शेरा मारला असता. विद्यार्थ्याला त्यातून वर्ष मिळालेच; शिवाय आपण नुसते मदत घेणारे नाही, कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत, हा विश्वासही मिळाला असला पाहिजे. वर्षभर रिकामे बसवून ठेवलेल्या विशीतल्या मुलांचे त्या दिवसांतील पंजाबात काय झाले असते, याचा विचार आक्षेपकांनी करावयास हवा.

सर्वांनाच ही वाट मोकळी नव्हती. 1947 च्या मार्चमध्ये पेशावरला मॅट्रिकच्या परीक्षेस बसलेल्या एका मुलाचा निकाल कधीच लागला नाही. त्याने 1948 साली नव्या विद्यापीठाची तीच परीक्षा पुन्हा दिली. पुढे अमृतसरच्या हिंदू महाविद्यालयातून तो होशियारपूरला गेला, आणि तेथून अर्थशास्त्रात 1952 साली बी. ए. व 1954 साली एम. ए. झाला. भारताचे माजी पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग ते हेच.

दिल्लीत विद्यापीठाने 'कॅम्प कॉलेज' चालवले. एका शाळेच्या इमारतीत, मुले घरी गेल्यावर, संध्याकाळी हे वर्ग भरत. विद्यार्थी दिवसा कचेऱ्यांत आणि दुकानांत राबत. घराचा भार उचलणाऱ्या मुलाला शिष्यवृत्तीपेक्षाही संध्याकाळचा वर्ग अधिक उपयोगी पडतो. ही साधी गोष्ट त्या काळी कोणाच्या तरी ध्यानात आली. लाहोरहून आलेल्या शिक्षकांनाही येथे काम मिळाले. शिक्षकाला मदत करावयाची म्हणजे त्याच्यापुढे वर्ग बसवून देणे, असेच एकंदर धोरण दिसते. लाहोरचे सनातन धर्म महाविद्यालय अंबाला छावणीत, दयाल सिंग महाविद्यालय कर्नालला पुन्हा निघाले. मुघलपुऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील स्थलांतरितांना रुडकीने आपल्या आवारात जागा दिली. चंदीगडला जाईपर्यंत ते तेथेच होते. आचार्य विश्वबंधूंची वैदिक संशोधन संस्था होशियारपूरच्या साधू आश्रमात आली आणि वैदिक पदानुक्रम-कोशाचे काम पुढे चालू राहिले. वेदांचे शब्द वर्णानुक्रमे लावण्याचे ते काम त्या धामधुमीत थांबले नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. सगळेच राहिले असे मात्र नाही. गव्हर्नमेंट कॉलेजात 1936 पासून गणित विभागाचे प्रमुख असलेले सर्वदमन चावला दिल्लीस आले, आणि लवकरच अमेरिकेस गेले.

लाहोरलाही हानी सोसावी लागली. तेथील इमारती शाबूत राहिल्या, पण अध्यापकवर्गाचा मोठा भाग निघून गेला. सनातन धर्म महाविद्यालयात ज्यांनी अब्दुस सलाम यांना गणित शिकवले ते अनिलेंद्र गांगुली याच लोंढ्यात इकडे आले. 1979 साली नोबेल पारितोषिक मिळाल्यावर सलाम यांनी आपल्या या गुरुजींचा शोध घेण्याची विनंती भारत सरकारला केली, आणि 1981 साली कलकत्त्यास जाऊन अंथरुणाला खिळलेल्या त्या वृद्धाच्या हाती ते पदक ठेवले. इकडे दिल्लीत 1947 च्या सप्टेंबरात करोल बागेतील जामिया मिलियाचे पुस्तकभांडार जळाले होते. आगीने दोन्ही बाजूंना पुस्तके ओळखली नाहीत.

1950 च्या सुमारास 'पूर्व' हा शब्द गळला आणि विद्यापीठाचे नाव नुसते पंजाब विद्यापीठ झाले. प्राणिशास्त्रज्ञ दिवाण आनंद कुमार 1949 पासून 1957 पर्यंत कुलगुरू होते. 1956 पासून बिऱ्हाड चंदीगडला हलू लागले आणि प्येर जान्नरे यांच्या आराखड्याप्रमाणे इमारती उठू लागल्या. मध्यवर्ती ग्रंथालयाचे उद्‌घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले ते 1963 साली, म्हणजे विद्यापीठ निघाल्यापासून सोळा वर्षांनी. तोपर्यंत होशियारपूरहून एम. ए. झालेल्या मुलांची पहिली पिढी स्वतः शिकवू लागली होती. पेशावरचा तो विद्यार्थी 1957 पासूनच चंदीगडला व्याख्याता होता.

लाहोरचे आणि चंदीगडचे, दोन्ही विद्यापीठे आजही आपला जन्म 1882 सालचाच सांगतात. इंग्रजीत नाव लिहिताना लाहोरवाले 'पी'नंतर 'यू' लिहितात आणि चंदीगडवाले 'ए'.