अधिकार गेला, दायित्व राहिले

परकी बँक एखाद्या प्रदेशात व्यवहार करते ती तेथील राजसत्तेच्या अनुज्ञेने. अनुज्ञा संपली की तिचा अधिकार संपतो. मग लोकांनी तिच्या हवाली केलेल्या वस्तूंचे काय? या प्रश्नाचा एक बोधप्रद दाखला आम्हांस गोमंतकाच्याच इतिहासात सापडतो.

१८६४ साली लिस्बन येथे स्थापन झालेल्या ‘बांकू नासियोनाल उल्त्रामारीनु’ या बँकेने १८६८ मध्ये गोव्यात शाखा उघडली. पुढे येथील चलनी नोटा काढण्याचा अधिकारही तिला मिळाला. अडीनडीला गोमंतकीय कुटुंबे तिच्याकडे दागिने गहाण ठेवीत.

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. परंतु तत्पूर्वीच ते सोने लिस्बनला रवाना झाले होते. धनको गेला, तारण गेले. ऋणको मात्र येथेच राहिला! १९६२ साली येथील बँकांच्या पुनर्रचनेसाठी भारत सरकारने स्वतंत्र विनियम केला खरा, पण आपला कायदा लिस्बनच्या तिजोरीपर्यंत कसा पोचावा? पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या अखेरीस, आणि दागिने परत आले ते १९९१ मध्ये. तीस वर्षांचा हा काळ म्हणजे एक पिढीच होय.

आमच्या स्मृतिकारांनी गहाणास ‘आधि’ म्हटले आहे. त्यात धनकोस ताबा मिळतो, स्वामित्व नव्हे. अठरा व्यवहारपदांत मनूने ऋणादानामागोमाग निक्षेप घातला, तो उगाच नव्हे. राज्य पालटल्याने हे नाते तुटत नाही. तुटते ते केवळ ते बजावून घेण्याचे साधन.

हे साधन हाताशी राहावे म्हणूनच १९४९ च्या बँकिंग कायद्याचे कलम ११ परकी बँकेस ठराविक रक्कम रिझर्व्ह बँकेकडे ठेवावयास लावते. बँकेने येथील व्यवहार कोणत्याही कारणाने थांबविला, तर त्या रकमेवर पहिला हक्क भारतातील धनकोंचा. केवळ प्रतिनिधी-कचेरी थाटणाऱ्या बँकेस तर तेथे ठेवी घेण्याची मुभाच नसते. मुक्तिपूर्व गोव्यास असले कवच नव्हते.

देवस्थानांचे महाजन हे तत्त्व परंपरेने जाणतात. समिती बदलते, किल्ल्या हातोहात जातात. देवाचा दागिना देवाचाच राहतो. मात्र तो कोणाच्या तिजोरीत आणि कोणाच्या कायद्याखाली आहे, हे वेळीच पाहिले पाहिजे, एवढेच आमचे सांगणे.