साथीच्या काळात घरातील ज्येष्ठांची काळजी

विषाणूजन्य आजाराची साथ येते, तेव्हा तिचा सर्वाधिक भार वयस्कर व्यक्तींवर पडतो. २०११च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के होते. कोरोनाच्या पहिल्या लाटेत मात्र देशातील मृतांपैकी निम्म्याहून अधिक याच वयोगटातील होते. वयानुसार प्रतिकारशक्ती मंदावते, फुफ्फुसांची लवचिकता कमी होते आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी एखादा आजार बहुधा सोबतीला असतो. पूर्वी प्लेगच्या साथीत लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत. उंदरांपासून दूर जाणे हाच तेव्हा उपाय होता. श्वसनमार्गाचा विषाणू मात्र माणसाबरोबर प्रवास करतो. त्यामुळे घर हेच आश्रयस्थान ठरते आणि संसर्गही बहुतेक वेळा घरातूनच होतो.

कोल्हापूर जिल्ह्याने हा अनुभव दोनदा घेतला. मे २०२०मध्ये मुंबई-पुण्याहून परतलेल्या चाकरमान्यांना गावोगावच्या शाळांत विलगीकरणात ठेवण्यात आले. घरी थकलेले आईवडील असताना लेकाने शाळेच्या वर्गात मुक्काम करावा, हे अनेकांना रुचले नाही. पण वयस्करांच्या दृष्टीने तो निर्णय योग्य होता. २०२१च्या जून-जुलैत राज्यातील अनेक जिल्ह्यांत दुसरी लाट ओसरत असताना कोल्हापुरात बाधितांची संख्या उतरण्यास उशीर लागला. सप्टेंबर २०२०मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या राज्यव्यापी मोहिमेत आरोग्य पथकांनी घरोघरी जाऊन तापमान व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण तपासले. त्याच मोहिमेमुळे ऑक्सिमीटर हे उपकरण सामान्य घरांच्या परिचयाचे झाले.

कोणाला वेगळे ठेवावे?

घरात कोणी आजारी पडले की आजी-आजोबांना एका खोलीत बंद करण्याकडे कल असतो. वास्तविक वेगळे राहायचे ते आजारी व्यक्तीने. वृद्धांना वेगळी खोली द्यावी. पण ती सर्वांत अंधारी, मागील बाजूची नसावी. हवा खेळती असेल, तर एका बंद खोलीतील विषाणूचे प्रमाण झपाट्याने कमी होते. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी व दार उघडे असणे, हे जंतुनाशकाच्या फवारणीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

मंगळवार पेठ किंवा शिवाजी पेठेतील जुन्या घरांत दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, तेथे स्वतंत्र खोलीचा सल्ला ऐकायला बरा वाटतो, एवढेच. अशा घरी वृद्धांचा पलंग खिडकीलगत आणि आजारी व्यक्तीचे अंथरूण विरुद्ध कोपऱ्यात असावे. दोघांनी एकमेकांकडे पाय करून झोपावे. आजारी व्यक्तीने घरातही मास्क लावावा, स्वच्छतागृह सर्वांच्या शेवटी वापरावे आणि जेवण वेगळ्या वेळी घ्यावे. सामाईक संडास असलेल्या वाड्यात वृद्धांनी पहाटेची वेळ निवडावी. वृद्धांची सेवा करणारी व्यक्ती शक्यतो एकच असावी आणि तिने मास्क लावावा. ऐकू कमी येणाऱ्यांना समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याशी सावकाश, थोड्या मोठ्या आवाजात बोलावे किंवा पाटीवर लिहून दाखवावे.

सर्वांत अवघड भाग पुढेच आहे. आपल्याकडे आजारी माणसाला ‘बघायला’ जाण्याची रीत आहे. कोणी आजारी पडले की भावकी, शेजारी, तालमीतील मंडळी, लेकीच्या सासरची माणसे, सारे येतात. न येणे हा मानभंग समजला जातो. साथीच्या काळात हीच आपुलकी घातक ठरते. पाहुण्याला दारातून परत पाठवणे सुनेला किंवा धाकट्या मुलाला जमत नाही, म्हणून हा निरोप घरातील कर्त्या व्यक्तीने आधीच सर्वांना फोनवरून द्यावा, हे उत्तम. दुखवट्याला जाणेही याच कारणाने वयस्करांनी टाळावे. कोरोनाकाळात अनेक वृद्धांना सख्ख्या भावाच्या अंत्यदर्शनालाही जाता आले नाही. त्याचे शल्य लहान नाही.

वृद्धांमधील लक्षणे

तरुणांना ताप चढतो. वृद्धांना तो कित्येकदा चढतच नाही. जेवणावरची इच्छा उडणे, दिवसा सुस्त पडून राहणे, अचानक तोल जाऊन पडणे, लघवीवरचा ताबा सुटणे, नातवाचे नाव विसरणे, रात्री असंबद्ध बडबड करणे ही त्यांच्यातील संसर्गाची पहिली चिन्हे असू शकतात. ‘वयाने असे होते’ म्हणून याकडे दुर्लक्ष केले जाते आणि तेथेच मौल्यवान वेळ जातो. एक-दोन दिवसांत घडलेला बदल हा वयाचा नसतो.

ऑक्सिमीटर वापरण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, हात गार असल्यास चोळून ऊब आणावी, नखावर रंग किंवा दाट मेंदी नसावी आणि आकडा स्थिर झाल्यावरच नोंद करावी. सकाळ-संध्याकाळची नोंद वहीत तारखेसह ठेवावी. ९४ टक्क्यांहून कमी आकडा सतत दिसल्यास डॉक्टरांशी त्वरित संपर्क साधावा. कोरोनाच्या काळात राज्याच्या आरोग्य विभागाने घरच्या घरी सहा मिनिटे चालून पाहण्याची चाचणी सुचवली होती. साठीपुढील व्यक्तींनी तीनच मिनिटे चालावे, अशी तीत सवलत होती. चालल्यानंतर आकडा ९३च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा अधिक अंकांनी घसरला, तर रुग्णालय गाठणे आवश्यक. दमेकऱ्यांनी आणि बसल्या जागीच धाप लागणाऱ्यांनी ही चाचणी करू नये. श्वास लागणे, छातीत दाब, ओठ निळसर पडणे किंवा ग्लानी यांपैकी काहीही दिसल्यास आकड्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

औषध आणि अन्न

रक्तदाब, मधुमेह व हृदयविकाराची नेहमीची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मात्र जुलाब, उलट्या होत असतील किंवा अन्नच जात नसेल, तर मधुमेहाच्या व लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचे प्रमाण बदलावे लागते. ते डॉक्टरांना फोन करून विचारावे. तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. डेंग्यूची शंका असल्यास आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. फ्लूवरील ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते. स्टेरॉइड मात्र शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून कधीही आणू नये. कोरोनात प्राणवायूची गरज लागलेल्या रुग्णांनाच त्याचा लाभ झाला. २०२१मध्ये मधुमेहींमध्ये पसरलेल्या म्युकरमायकोसिसमागे अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही मोठी कारणे होती.

वयानुसार तहान कमी लागते. शिवाय रात्री उठावे लागू नये, म्हणून अनेक वृद्ध संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. दिवसभरात थोडे थोडे पाणी, पेज, ताक, नाचणीची आंबील, वरणाचे पाणी देत राहावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास पाण्याचे व मिठाचे प्रमाण डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच.

लस ही सर्वांत स्वस्त काळजी आहे. साठीपुढील नागरिकांना कोरोनाची लस १ मार्च २०२१पासून मिळू लागली. फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर घ्यावी. न्यूमोनियाच्या लसीबाबतही कुटुंबाच्या डॉक्टरांशी बोलावे. डासांमुळे पसरणाऱ्या साथींना मास्कचा उपयोग नाही. २००६मध्ये राज्यात चिकनगुनियाचा मोठा उद्रेक झाला. या आजारात वयस्करांचे सांधे कित्येक महिने दुखत राहतात. अशा वेळी पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करणे आणि दिवसाही मच्छरदाणी लावणे हाच उपाय.

एकटे राहणारे आणि पूरग्रस्त

मुले पुणे, बंगळूर किंवा परदेशी असलेली वृद्ध जोडपी शहरात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी शेजारच्या एका घराने रोज ठरावीक वेळी दोनदा फोन करावा. फोन न उचलल्यास जाऊन पाहावे आणि दाराची एक किल्ली आपल्याकडे ठेवावी. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनामूल्य आहे. रंकाळ्यावरची फेरी किंवा कट्ट्यावरची बैठक बंद झाल्याने येणारे औदासीन्य आजाराइतकेच खरे असते. घरातल्या घरात दर तासाला चार पावले चालणे, चष्मा व श्रवणयंत्र हाताशी असणे, भिंतीवर घड्याळ दिसणे आणि रात्री मंद दिवा असणे यांमुळे संभ्रम व पडझड दोन्ही कमी होतात.

पंचगंगेकाठी आणखी एक भर पडते. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. जुलै २०२१मध्ये कोरोनाची लाट पुरती ओसरलेली नसतानाच महापूर आला आणि विलगीकरणातील माणसांसह कुटुंबांना हलवावे लागले. सुतारवाडा, सिद्धार्थनगर, शाहूपुरी, तसेच प्रयाग चिखली आणि आंबेवाडी येथील वृद्धांना इशारा पातळीलाच नातेवाइकांच्या घरी हलवावे; निवारा केंद्रातील गर्दीपेक्षा ते सुरक्षित असते. पावसाळ्याआधीच एका पिशवीत पंधरा दिवसांची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, कवळीची डबी, ऑक्सिमीटर व त्याच्या बॅटऱ्या, चार मास्क आणि मुलांचे फोन क्रमांक मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद भरून ठेवावा. इन्शुलिन वापरणाऱ्यांनी ते मातीच्या ओल्या मडक्यात, प्लास्टिकच्या डबीत बंद करून न्यावे. वीज गेल्यावर शीतकपाटाचा भरवसा नसतो.